स्थळ, बायोडाटा आणि मोबाइल: कोल्हापुरात लग्न जमवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नाचे बायोडाटा टाइप करून देणं हे सुरुवातीला जोडकाम होतं, आता तेच मुख्य काम होऊन बसलंय. समोरच्या खुर्चीत आई, बाप, मामा, कधी खुद्द मुलगी किंवा मुलगा बसून मजकूर सांगतो आणि मजकुरापेक्षा जास्त बाकीचं बोलतो. मध्यंतरी एक पाव्हणं म्हणाले, "वहिनी, जग जवळ आलं आणि आमच्या पोराचं लग्न लांब गेलं." तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा लिहून काढले. उत्तरं माझी आहेत. कायद्याचं जिथं आहे तिथं कायद्याचं.

जागतिकीकरण म्हणजे मोठ्या शहरातली भानगड. आमच्या पोरांच्या लग्नाशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, पण लोक दाखवतात तिथं नाही. लोक टीव्हीकडं आणि मोबाइलकडं बोट दाखवतात. १९९१ नंतर केबल आली, मग इंटरनेट आलं, २०१६ ला जिओमुळं डेटा स्वस्त झाला आणि भुदरगड-आजऱ्याच्या वाडीतली पोरगी तेच रील बघायला लागली जे मुंबईची बघते. एवढं खरं आहे. त्यातून नवरा-बायको म्हणजे काय याचं एक चित्र आत आलं. दोघांनी बोलायचं, फिरायचं, दोघांची स्वतंत्र खोली, दोघांचं मिळून काहीतरी ठरवायचं. आमच्या आई-आज्जीच्या डोक्यात हे चित्र नव्हतं. लग्न दोन घरांचं व्हायचं आणि नवरा-बायको त्या घरात राहायची.

पण माझ्या मते खरा फरक पगाराच्या खात्यानं केला. हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या कंपनीचं काम करणाऱ्या मुला-मुलीचा पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतो. शेताचं आणि दुधाचं बिल जोवर घरातल्या कर्त्याच्या नावावर होतं, तोवर स्थळही कर्ताच ठरवत होता. पोरीच्या खात्यात स्वतःचा पगार पडायला लागला तेव्हा तिनं पहिल्यांदा "मला विचारून सांगा" म्हटलं. मालिका बघून म्हटलं असतं तर घरच्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

मग नेमकं बदललं काय? लग्नं तर अजून घरचेच जमवतात.

बरोबर. चाळणी तीच आहे, चाळायचा क्रम बदललाय. हे मला बायोडाट्यावरून सांगता येतं.

दुकान सुरू केलं तेव्हा मजकुराचा क्रम ठरलेला असायचा. वर गणपती, खाली ॥ श्री गणेशाय नमः ॥, मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, कुलदैवत, कुळी. त्यानंतर वडील, चुलते, मामाचं गाव, शेती किती एकर, त्यात बागायत किती. आणि सगळ्यात लांबलचक रकाना 'नातेसंबंध'. त्यात नुसती आडनावं आणि गावं. तो रकाना वाचून समोरचा माणूस दोन मिनिटांत ओळखायचा की ही मंडळी कुणाची कोण. मुलाचं शिक्षण एका ओळीत असायचं आणि मुलीचं अर्ध्या. 'अपेक्षा' या रकान्यात एकच शब्द, 'अनुरूप'. मुलीच्या बायोडाट्यात तर तेवढाही नसायचा.

आता शिक्षण वर आलंय. त्याच्याखाली कंपनी, पद, 'पॅकेज', कामाचं ठिकाण, 'वर्क फ्रॉम होम आहे/नाही'. पुण्यात फ्लॅट असेल तर त्याला ठळक अक्षर. 'वर्ण' हा रकाना बऱ्याच मुली काढायला सांगतात. काढला की आई परत घालायला लावते. 'गहूवर्णी' हा शब्द मी इतक्या वेळा टाइप केलाय की 'ग' दाबला की तो आपोआप येतो. नातेसंबंधांचा रकाना आखडलाय, पण गेलेला नाही. आणि 'अपेक्षा' फुगलीय. "नोकरी चालू ठेवण्यास पाठिंबा असावा." "विभक्त कुटुंब चालेल." "प्रवासाची आवड." "निर्व्यसनी" हा शब्द आधीपासून होता, आता त्यापुढं कंसात "सोशल ड्रिंकिंगसुद्धा नको" येतं.

मागच्या वर्षी एक मुलगी आईबरोबर आली. कुठल्याशा बँकेत होती. अपेक्षेच्या रकान्यात तिनं सांगितलं, "स्वतःचा चहा स्वतः करणारा." मी टाइप केलं. आई म्हणाली, "काढ ते, लोक हसतील." मी काढलं. मुलगी म्हणाली, "घाला ओ मॅडम." मी घातलं. असं चार वेळा. शेवटी तिनं दोन प्रिंट काढायला लावल्या. एक आईसाठी, एक स्वतः पाठवायला. चहाची ओळ कुठल्या प्रतीत होती ते सांगायला नको.

पोरं अ‍ॅपवरून, साइटवरून जमवतात. मग जात गेली म्हणायची का?

नाही. हा गैरसमज आधी काढून टाका.

लग्नाच्या साइटवर पहिल्या दोन-चार प्रश्नांतच जात विचारतात, मग पोटजात, मग 'इतर जातीचं चालेल का' असा एक चौकोन. पूर्वी जातीबाहेरचं स्थळ निदान चुकून तरी कानावर यायचं. फिल्टर लावला की ते दिसतच नाही. यंत्र जगाचं, चाळणी शहाण्णव कुळीची. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचं तेच. मराठा, लिंगायत, जैन, धनगर, प्रत्येकाचे ग्रुप आणि त्यात परत जिल्ह्याप्रमाणं उपग्रुप. पूर्वी वधू-वर सूचक मंडळाची वही असायची आणि वर्षातून एकदा मेळावा व्हायचा. आता मेळावा चोवीस तास चालू आहे. पण दारावर तोच माणूस बसलाय.

२०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के निघालं होतं. शंभरातली पंचाण्णव जातीतच. केबल येऊन वीस वर्षं झाल्यावरचा हा आकडा आहे.

आणि हे कोल्हापुरात बसून लिहिताना थोडी लाज वाटते. शाहू महाराजांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली त्याला शंभर वर्षं उलटून गेली. नुसता कायदा करून थांबले नाहीत. कागलच्या घाटगे घराण्यातली मुलगी इंदूरच्या होळकरांकडं द्यायची, म्हणजे मराठा-धनगर सोयरीक, हे त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन जमवलं. महाराज १९२२ ला गेले, लग्न १९२४ ला लागलं. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यासमोर उभं राहून 'शाहूंचं कोल्हापूर' म्हणणारी माणसं माझ्या दुकानात येऊन 'फक्त ९६ कुळी' ही ओळ ठळक करायला सांगतात. मी करते. पोट आहे.

मुलींच्या अपेक्षा लई वाढल्यात. हे मालिका आणि रील्समुळंच ना?

हा प्रश्न मुलाच्या आया विचारतात आणि उत्तर ऐकून घेत नाहीत. तरी सांगते.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. २०११ ला त्या ८६३ झाल्या. २००१ मध्ये जी पोरं सहा वर्षांच्या आतली होती, ती आज पंचविशी ओलांडून तिशीच्या आसपास आलीत. म्हणजे बाशिंगाची वाट बघणारी. तेव्हाच हजारामागं दीडशेहून जास्त मुली कमी होत्या, तर आज स्थळं कुठून येणार? सोनोग्राफीचं मशिनही बाहेरच्या जगातूनच आलं होतं आणि त्याचा उपयोग आपण कशाला केला ते सगळ्यांना माहीत आहे. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. तरी २०१० च्या आसपास, लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, इथल्या सोनोग्राफी मशिनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र बसवून नजर ठेवायची वेळ आली.

तेव्हा "मुली मिळत नाहीत" हे मोबाइलवर ढकलू नका. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती. बातमी बघून सगळे हसले. मी तेव्हा ज्याचा बायोडाटा टाइप करत होते तो मुलगा चौतिशीचा होता, तो हसला नाही.

आता अपेक्षांचं. मुली कमी झाल्या की त्यांना निवडायला वाव मिळतो, हा बाजाराचा साधा हिशोब आहे. शंभर वर्षं तो मुलाच्या बाजूनं होता तेव्हा त्याला कुणी 'अपेक्षा वाढल्या' म्हटलं नाही, 'मानपान' म्हटलं.

शेतकरी मुलाला मुलगी का देत नाहीत? आमची बागायत आहे, ऊस आहे, ट्रॅक्टर आहे.

जमीन नको असं कुणी म्हणत नाही. मुलीचा बाप बायोडाट्यात शेती किती ते आधी बघतो. 'पुण्यात नोकरी आणि गावाकडं बागायत' हे आजचं सगळ्यात महाग स्थळ आहे. नको आहे ते काम.

करवीर तालुक्यातल्या एका गावातून बापलेक आले होते. चार एकर ऊस, पाच म्हशी, दूध संघाला दूध. बाप सांगत होता, "काय कमी हाय? दहा दिवसाला बिल येतंय." बायोडाटा करून दिला. महिन्याभरानं परत आले, म्हणाले शेतीचा रकाना बारीक करा आणि मुलाचा डिप्लोमा मोठा करा. स्थळ मोडलं होतं. मुलीच्या आईनं एकच विचारलं होतं: "म्हशी काढणार कोण?"

त्या एका प्रश्नात सगळं आहे. पहाटे चारला उठून शेण, धार, वैरण, डेअरीला दूध पोचवायचं, संध्याकाळी परत तेच. शेतीपंपाला रात्रीची लाइट आली की नवरा मोटर चालू करायला रानात. आणि दहा दिवसाचं बिल येतं ते सासऱ्याच्या खात्यावर. मुलीच्या आईनं हे स्वतः तीस वर्षं केलेलं असतं. तिला कुठल्याही परदेशी मालिकेनं शिकवायची गरज नाही. मोबाइलनं फार तर एवढंच केलं की दुसरीकडं असं जगत नाहीत हे दाखवलं.

एक बघितलंय. ज्या घरात गोठ्याला गडी आहे, दुधाचं खातं सुनेच्या नावावर करायची तयारी आहे आणि हे आधी तोंडानं सांगतात, तिथं शेतकरी मुलाचीही लग्नं जमतात. बायोडाट्यात ही ओळ घालायचे मी जादा पैसे घेत नाही.

आणि एक सावधगिरी. अडलेल्या घराला हेरून "लांबची मुलगी आणून देतो, दोन लाख द्या" म्हणणारे एजंट फिरतात. लग्न लागतं, आठवड्यात मुलगी दागिन्यांसकट गायब. सीमाभागात, निपाणी-चिकोडीकडं आपली सोयरीक पूर्वापार आहे, त्यात वावगं काही नाही. पण मुलीचं घर न बघता, आधार कार्ड न तपासता आणि मुलीशी एकांतात न बोलता पैसे मोजू नका. विकत आणलेली मुलगी हा त्या मुलीवरचाही अन्याय असतो.

मामाची मुलगी करायची पद्धत संपली का?

आटलीय. आपल्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क म्हणायचे. कोकणस्थांच्या घरी हे सांगितलं की ते डोळे मोठे करतात, पण कृष्णेच्या खाली हे घरोघरी होतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जवळच्या नात्यातल्या लग्नाला मनाई करतो, पण रूढी असेल तर सूट देतो. त्या सुटीवर आपली ही लग्नं चालत आली.

आता मुलंच नको म्हणतात. कॉलेजात जनुकीय आजारांविषयी ऐकलेलं असतं, डॉक्टर विचारतात "नात्यात लग्न झालंय का?" दुसरं कारण जास्त खरं आहे. लहानपणापासून जिच्याशी भांडलो तिच्याशी प्रेमाचं काय बोलायचं, असं एक मुलगा मला म्हणाला. त्याच्या बापाला हा प्रश्न पडला नव्हता, कारण बापाकडून कुणी प्रेमाची अपेक्षा केली नव्हती.

कांदेपोहे बंद झाले का?

पोहे चालू आहेत. फक्त आधी मुलं भेटतात, ताराबाई पार्कातल्या नाहीतर रंकाळ्याकडच्या कॅफेत, आणि पटलं तर मोठ्यांचे पोहे. त्याच्याही आधी इन्स्टाग्राम तपासून झालेलं असतं, दोन्ही बाजूंनी. मुलीचे भाऊ मुलाच्या तालमीतल्या पोरांकडं चौकशी करतात ती वेगळी. ती चौकशी इन्स्टाग्रामपेक्षा खात्रीची, हे माझं मत.

कोरियन मालिका बघून मुलगी तसाच नवरा मागते. काय करायचं?

तसाच म्हणजे दिसायला, असं तुम्हाला वाटतं. एकदा तिच्या शेजारी बसून दोन भाग बघा, हिंदीत डब केलेले मिळतात. त्यातला मुलगा मुलीच्या बुटाची नाडी बांधतो, तिनं काय खाल्लं ते विचारतो, चुकला तर माफी मागतो. भावाच्या बुलेटवर 'नाद खुळा' लिहिलेलं बघत वाढलेल्या मुलीला हे नवीन असतं. तिला नाडी बांधणाराच पाहिजे असं नाही. "जेवलीस का?" विचारणारा सापडला तरी चालतं. आणि गंमत अशी की त्या मालिकांत सासू, खानदान, मोठ्यांपुढं वाकणं हे सगळं आपल्यासारखंच ठासून भरलेलं असतं. म्हणून तर आपल्या बायकांना त्या इतक्या जवळच्या वाटतात. माझी सासूही बघते.

पत्रिका तरी आता कुणी बघत नसेल?

इथं मी स्वतः चकले. वाटलं होतं शिकलेली पिढी पत्रिका सोडून देईल. झालं उलटं. आमच्याकडं शेतकरी घरांत पूर्वी पाव्हण्याची ओळख निघाली की पत्रिका कोण उघडत नव्हतं. बऱ्याच जणांची जन्मवेळ माहीत नसायची, "ज्या दिवशी पंचगंगेला महापूर आला त्या रात्री" एवढीच खूण. आता फुकट अ‍ॅपवर दोन तारखा टाकल्या की तीन सेकंदांत छत्तीस गुणांचा हिशोब येतो. मग ज्यांनी कधी मंगळ बघितला नाही तेही 'अठराच्या खाली आहेत' म्हणून स्थळ सोडतात. बंगळुरूच्या आयटीतली मुलं तर नाडीदोष एक्सेलमध्ये मांडतात. नवीन यंत्रानं जुनी गोष्ट घरोघर पोचवली. आणि रक्तगट मात्र अजून नुसता छापायचा म्हणून छापतात.

पुण्या-मुंबईच्या स्थळाला आमची मुलगी 'गावठी' वाटेल का?

आपल्या मुली "मी येतो", "मी करतो की" म्हणतात, मुलग्यासारखं. मी लिहिताना 'करते' लिहिते, दुकानात 'करतो'च म्हणते. एकदा दुकानातूनच व्हिडिओ कॉल झाला. मुलाची आई कोथरूडची. मुलगी म्हणाली, "स्वयंपाक करतो की मी, तांबडा-पांढरा झकास जमतोय." पलीकडं शांतता. मग ती बाई हसली आणि म्हणाली, "करतेस ना?" मुलीनं परत सांगितलं, "करतो." जमलं ते लग्न. पण मी अशाही मुली बघितल्यात ज्या बाहेर उभं राहून 'करते, जाते, येते' घोकतात आणि मग आत येतात. तसलं घोकलेलं वर्षभर टिकत नाही, भांडणात तर एक मिनिटही नाही. पहिल्याच दिवशी आपलं बोला.

परदेशातलं स्थळ आलंय. काय तपासायचं?

पॅकेज रुपयांत गुणून खूश होण्याआधी व्हिसा विचारा. कुठला व्हिसा, किती वर्षांचा, बायकोला नेता येतं का आणि तिथं तिला काम करता येतं का. अमेरिकेत एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची बायको एच-४ म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर जाते आणि तिला सहसा लगेच काम करता येत नाही. ती परवानगी २०१५ पासून काहींना मिळते, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचल्यावर. इंग्लंडनं २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना आणि केअर वर्करना जोडीदार सोबत नेणं बंद केलंय. इथं एमई झालेली, कॉलेजवर शिकवणारी मुलगी तिथं चार वर्षं घरात बसते, आणि फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगते.

पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र यांच्या प्रती मागा. त्यात अपमान कसला? आधीचं लग्न, घटस्फोट झालाय का ते सरळ विचारा. तिथल्या ओळखीच्या मराठी माणसाकडून चौकशी करा. पंधरा दिवसांच्या सुट्टीत बघणं, साखरपुडा, लग्न सगळं उरकायची घाई असेल तर थांबा. लग्नाची नोंदणी लगेच करून दाखला मुलीच्या हातात ठेवा.

मुलानं किंवा मुलीनं जातीबाहेर, धर्माबाहेर, परदेशी जोडीदार निवडला. कायदा काय म्हणतो?

मुलाचं वय २१, मुलीचं १८ पूर्ण असेल तर निवड त्यांची. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. त्याखाली धर्म न बदलता लग्न करता येतं. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती ३० दिवस लागते, आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. ही ३० दिवसांची नोटीसच अनेकांना नडते, कारण ती कुणीही वाचू शकतो आणि वाचणाऱ्यांत काका-मामा असतात. जोडीदार परदेशी नागरिक असेल तर त्याच्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला लागतो.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात घर, गाव, जात-पंचायत कुणालाही आडवं येता येणार नाही आणि धोका असेल तर पोलिसांनी संरक्षण द्यायचं. जातीनं वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. जोडप्यातला एक जण अनुसूचित जाती-जमातीतला वा भटक्या-विमुक्तांतला असेल आणि दुसरा सवर्ण, तर समाजकल्याण खात्याकडून ५०,००० रुपयांचं अर्थसहाय्य मिळतं. पैशासाठी कुणी असं लग्न करत नाही, पण घर सोडून आलेल्यांना पहिल्या भांड्याकुंड्यांना होतात.

प्री-वेडिंग शूट, संगीत, हळदीला पिवळे कपडे, हे कुठून आलं?

हिंदी सिनेमातून आणि एकमेकांचं बघून. पन्हाळ्याच्या तटावर भाड्याचा लांब घेराचा गाऊन वाऱ्यावर उडवणारी जोडपी आता माकडांनाही सवयीची झालीत. जोडीदार निवडण्याशी याचा संबंध एवढाच की याद्या करताना हा खर्च कुणी करायचा यावरून जमलेली लग्नं अडतात. हुंडा घेणं १९६१ पासून गुन्हा आहे, म्हणून त्याचं नाव 'हौस' पडलं. हौस कोण कुणाच्या पैशानं करतंय तेवढं बघा.

मुलगा लग्नच नको म्हणतोय. डोक्यात काय भरलंय याच्या?

काहीही असेल. कर्ज असेल, कुणी आवडत असेल, खरोखरच नको असेल. त्याला मुलगाच आवडत असेल अशीही शक्यता आहे आणि हे वाचताना ज्या आईला धस्स झालं तिनं तर त्याच्याशी आधी बोलावं. २०१८ पासून असं नातं गुन्हा नाही. लग्नाची मान्यता मात्र २०२३ च्या निकालातही मिळालेली नाही. अशा मुलाला दाबून बोहल्यावर चढवलं तर दोन आयुष्यं जातात, त्यातलं एक परक्याच्या लेकीचं. असा बायोडाटा करायला आले आणि माझ्या लक्षात आलं, तर मी प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगते.

'अपेक्षा' हा रकाना रिकामा सोडला तर चालेल का?

चालेल, पण सहसा तसं होत नाही. आई म्हणते 'अनुरूप' लिहा. मुलगी म्हणते थांबा, मी सांगतो. बाबा म्हणतात 'सुसंस्कृत घराणं' घाला. मामा फोनवरून 'सरकारी नोकरीला प्राधान्य' सांगतात. मी सगळं टाइप करून फाइल सेव्ह करते आणि चहा मागवते. परवा एका घराच्या फाइलचं नाव 'फायनल ७' झालं होतं. मुलगी शनिवारी येणार आहे, एकटी.